नायकाच्या हातातला घास

मोटारसायकल अंगणात लावता लावताच करणला ओसरीवरची परात दिसली.

परातीत भाताचे लांबट मुटके ओळीनं मांडले होते आणि प्रत्येकावर माशाचा एकेक पातळ, पांढरा काप. करण पुण्यातल्या जपानी हॉटेलात चार वर्षं सुशी करत होता. मानोऱ्याजवळच्या आपल्या तांड्यावर तो सुट्टीला आला होता. बर्फाच्या पेटीतून आणलेल्या माशाची सुशी त्यानं काल घरच्यांना खाऊ घातली होती. पण तो मासा नारिंगी होता, आणि कालच संपला होता.

"बा, हा मासा कोणता?"

"मरळ. सकाळीच तलावातून आणली, उड्या मारत होती," बाबूसिंग छाती फुगवून म्हणाला. "तू मानोऱ्याले गेला, म्हनलं आपणच करून टाकू. तुह्यावानीच कापली. तांड्यानं बी पाह्यलं पाह्यजे, पोरगं काय शिकून आलं ते."

हॉटेलात कच्चा वाढायचा मासा समुद्रातला असे, आणि तोही उणे वीस अंशांत सात दिवस गोठवलेला, आतल्या अळ्या मराव्यात म्हणून. तलावातला मासा कच्चा द्यायचाच नाही, हे त्याच्याकडून पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलं होतं. एका माणसाचा फोटोही दाखवला होता: पोटाच्या कातडीखालून अळी सरकत गेल्याची लाल रेघ. ती अळी डोळ्यातही शिरते, मेंदूतही. घरी हे सांगायचं राहून गेलं. माशाबद्दल काल तो एवढंच म्हणाला होता, की तो ताजा पाहिजे, बाकी सगळी हाताची करामत.

ओसरीवर सात-आठ जण बसले होते. कोणीच हात लावला नव्हता, कारण तांड्याचे नायक धरमसिंग यांनी पहिला घास घेतल्याशिवाय कोणी खात नसे. आणि नायक ऊसतोडीला गेले असता हरवलेल्या बैलाची गोष्ट सांगत होते. मुटका त्यांच्या हातातच होता. बोलण्याच्या भरात तो तोंडापर्यंत जाई आणि पुन्हा खाली येई.

"नायक, ते खाऊ नका."

"काहून? बापाचा हात पसंत नाही वाटते पुण्याच्या साहेबाले!" नायक म्हणाले.

सगळे हसले. बाबूसिंगही हसला. घास पुन्हा वर निघाला.

करणनं त्यांचं मनगट धरलं.

नायकाच्या हाताला असा हात आजवर कोणी घातला नव्हता.

"कच्च्या मरळीत किडे असतात, नायक. डोळ्याले दिसत नाहीत," करण म्हणाला. "चूक माही हाये. बाले मी सांगतलंच नाही."

नायकांनी मुटका परातीत ठेवला. "धनीबाई, चूल पेटव. शिजवून आण," ते करणच्या आईला म्हणाले.

बाबूसिंगनं मान खाली घातली. करणनं परात उचलली. बापानं कालच्यासारख्याच सहा-सहाच्या ओळी लावल्या होत्या. शेवटच्या ओळीत मात्र पाचच होते.

"बा, इथला एक कुठं गेला?"

"मी खाल्ला नं. तूच तं म्हनला काल, वाढणाऱ्यानं आधी सोता चाखून पाहावं."

करणनं परात आईच्या हातात दिली. गाडीची किल्ली अजून त्याच्या मुठीतच होती.

"मागं बस. दवाखान्यात जाऊ."

"मले काय झालं? चव तं चांगली होती."

"बस म्हनतो नं, बा!"

किक मारताना त्याचा पाय दोनदा घसरला. तांडा मागे पडला तसा बाबूसिंगनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कापणं तं बराबर होतं नं?"

"एकदम बराबर होतं, बा," करण म्हणाला, आणि त्यानं गाडीचा वेग वाढवला.