तार तुटल्यावर

“बाशमुहंदिसा, नर्सा कावल्यात तुझ्या त्या भोंग्याला,” कारखान्याचे मालक हिल्मीसाहेब म्हणाले. “ऊब मोजणारी तार जरा सैल झाली की पेटी बंद, आणि वर बोंबाबोंब! इस्पितळं माल परत पाठवायला लागलीत. असं किती दिवस चालायचं?”

इंजिनीअर सुहैरच्या पुढ्यातला चहा कधीच गार झाला होता. कैरोतल्या शुब्रा भागातल्या या कारखान्यात नवजात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या बनत आणि पेटीच्या पोटातलं नखाएवढं डोकं सुहैर बनवी. केस पिकले, तरी आपण नेमकं काय करतो हे शेजारणींना तिला धड सांगता आलं नव्हतं. “म्हणजे कम्प्युटरच ना?” त्या विचारत. कम्प्युटर सतरा कामं करतो. हे बिचारं जन्मभर एकच करतं, आणि आत ते आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. ते बनवताना आधी ठरवायचं, त्याला काय कळायला हवं. मग, कळल्यावर त्यानं काय करायचं. आणि शेवटी ते, ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो: काहीच कळेनासं झालं तर काय करायचं. घोडं तिथेच अडलं होतं.

“तार निखळली की होती तेवढी ऊब चालू राहू दे, गुपचूप,” हिल्मीसाहेब म्हणाले. “बघेलच की कुणीतरी.”

“गुपचूप असल्यावर कशाला बघेल? आत बाळ भाजून निघालं तरी पेटीला पत्ता नाही.”

“आणि तुझ्या पेटीत गारठलं तर?”

“गारठायच्या आत माणूस यावा म्हणून तर भोंगा आहे, हिल्मीसाहेब. गोड आवाजाला कोण धावतं?”

“ते मला सांगू नकोस. या बदलाच्या कागदावर आज सही हवी. तुझ्या सहीवाचून अडतं, नाहीतर विचारलंही नसतं.”

तेवढ्यात सुहैरचा फोन वाजला. शेजारीण होती, उम्म रगब. “अगं, मी भात चढवायला जरा आत गेले, आणि बघते तर दार सताड उघडं! तुझे बाबा नाहीत गं. जिना, गल्ली, मशीद, सगळं पालथं घातलं. मेलं माझं लक्षच...”

सुहैर पर्स घेऊन उठली. “बाबा हरवलेत,” एवढंच म्हणाली. हिल्मीसाहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी सहीचा कागद बाजूला सारला.

तिचे बाबा, अम्म दुसूकी, तंता शहराजवळच्या एका लहान स्टेशनवर सिग्नलच्या केबिनमध्ये आयुष्यभर दांडे ओढत राहिले. आता त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट उतरत चालली होती. आधी बायको मेल्याचं विसरले, मग गल्ली, मग अधूनमधून सुहैरही. त्यांचं न्हाणं, भरवणं, रात्रभर तेच ते प्रश्न. तिच्या नाकी नऊ आले होते. सुटू दे एकदाचं, असं मनात येई आणि मग स्वतःचीच शरम वाटे. आज ते खरं होईल की काय, या भीतीनं ती गल्लीमागून गल्ली धुंडाळत होती.

लहानपणी तिनं त्यांना विचारलं होतं, “बाबा, सिग्नलची तार तुटली तर?”

“तुटली तर सिग्नलचा हात आपोआप आडवा होतो. मागे वजन लावलेलं असतं ना! आडवा म्हणजे थांब, खाली पडला म्हणजे जा. तार तुटल्यावरही गाडी जाईल असा सिग्नल बनवणारा माणूस खुनी, बेटा.”

ते शेवटी सापडले, उसाच्या रसाच्या दुकानासमोर, तिठ्यावर. अंगात घरातला झगा, पायांत दोन तऱ्हांच्या चपला, आणि उजवा हात खांद्यातून सरळ आडवा धरलेला.

“तुमचे का, बाई?” रसवाला म्हणाला. “खुर्ची दिली, रस दिला, पण हात काही खाली घेत नाहीत. मायक्रोबसवाले थांबतात अन् शिव्या घालून जातात. ‘कोणी आहे का, कोणी आहे का’ ओरडून घसा बसला बघा त्यांचा.”

“बाबा,” सुहैर म्हणाली.

त्यांनी अनोळखी नजरेनं पाहिलं. “तार तुटलीय, बाई. पुढचं काही कळत नाही. म्हणून थांबलोय.”

सुहैरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. फोन पुन्हा वाजला.

“सापडले?” हिल्मीसाहेबांनी विचारलं.

“सापडले.”

“अल्हम्दुलिल्लाह. मग... कागद तुझ्या टेबलावर ठेवलाय.”

“सही नाही करायची मी. कळेनासं झालं की थांबायचं आणि ओरडायचं. दुसरं काही मला बनवता येत नाही.”

“मग मला दुसरं माणूस बघावं लागेल. उद्यापासून येऊ नकोस, सुहैर.” तेही थकलेलेच वाटले.

“बरं,” ती म्हणाली.

“कुणाचा फोन?” बाबांनी विचारलं.

“पुढच्या स्टेशनचा.”

“लाइन क्लिअर?”

तिठ्यावर गाड्या एकमेकींत अडकून ठणाणा करत होत्या. उद्या सकाळी उठून कुठे जायचं, हे सुहैरला ठाऊक नव्हतं.

“क्लिअर, बाबा.”

त्यांनी खात्री करून घेतल्यासारखं रस्त्याकडे पाहिलं. मग हात हळूहळू खाली आला.

“सिग्नल पडला,” ते अदबीनं म्हणाले. “जा, बाई. तुमची गाडी जाऊ द्या.”

सुहैरनं तो हात धरला, आणि दोघं बरोबरच निघाली.