माप होईपर्यंतचा हात

वह्यांच्या कारखान्यात कटिंगवाल्याचा उजवा हात दाबयंत्रात सापडला, तेव्हा ओरडला तो मुकादम. कटिंगवाला स्वतः ओरडला नाही. गठ्ठा वाकडा गेला, एवढंच तो दवाखान्यात पोचेपर्यंत सांगत राहिला. पुढे हाडं जुळली, पाचही बोटं जागेवर राहिली. मूठ तेवढी वळेना.

अशा वेळी कायदा काय म्हणतो, ते समजायला अवघड नाही. कामावर इजा झाली, तर उपचार चालू असेपर्यंत मालकाने ठरलेला भत्ता द्यायचा. उपचार संपले की डॉक्टर हात तपासतात आणि माणसाची कमावण्याची ताकद कायमची किती गेली, ते टक्क्यांत लिहून देतात. जेवढे टक्के, तेवढी भरपाई. पाढे येणाऱ्या पोरालाही कळेल इतकं हे सरळ आहे. घरात शिरल्यावर त्याला फाटे फुटतात, ती गोष्ट वेगळी.

या घरात फाटे फोडायला मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला जन्मात कधी ठेच लागली नव्हती, कारण ठेच लागायला आधी चालावं लागतं. पण भरपाईतलं त्याला सगळं ठाऊक होतं.

"दाजी, व्यायाम बंद," तो म्हणाला.

"दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलाय. रोज मूठ वळायची, सोडायची."

"बाईंचं काय जातंय? मूठ वळली की टक्के गळले. आधी डॉक्टरांचं माप होऊ द्या. मूठ काय कुठं पळून चाललीय?"

"ऐका त्याचं," बायको म्हणाली. "वर्षातून एकदा अक्कल चालवतोय."

मग शिकवणी सुरू झाली. मेहुणा गुरुजी, दाजी विद्यार्थी. बोटं कितपत वाकवायची, कुठे कळ आल्यासारखं तोंड करायचं, शेजारी आले की कप कसा निसटू द्यायचा. दोन कप फुटल्यावर बायकोने निसटण्यासाठी स्टीलचा पेला काढून दिला. विद्यार्थी मन लावून शिकला. माणसं नसतानाही त्याची बोटं अर्ध्यावर थांबू लागली. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही चुकून कटिंगला गेलात. नाटकात हवे होतात."

कटिंगवाल्याला मनातून भीती नव्हती. खरा हात आत शाबूत आहे, पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या चादरीसारखा, अशी त्याची पक्की समजूत होती. काढायचा तेव्हा काढू.

माप चार दिवसांवर आलं आणि मुकादम भेटायला आला.

"नवा ठेवलाय तुझ्या मशीनवर," तो म्हणाला. "त्याच्या वह्या उभ्या राहत नाहीत रे, दारुड्यासारख्या रेलतात."

"गठ्ठा मुठीत धरून वाकवत नसेल. पानांत हवा जाऊ द्यायला लागते. मग ठोकायचा."

"ते त्याला कोण सांगणार? मालक म्हणाले, डॉक्टरने हात चालतो असं लिहिलं तर मशीन तुझं. नाही तर नव्याला कायम करतो."

त्या रात्री कटिंगवाला जेवला कमी. भरपाई एकदाच येणार होती आणि घराच्या गळक्या छपरात जिरणार होती. मशीन रोजचं होतं. बारा वर्षं त्याने कापलेल्या वह्यांवर कुणाची तरी पोरं बाराखडी गिरवत होती, आणि एकीचीही कड तिरपी नव्हती. पण घरात बोलायची सोय नव्हती. मेहुण्याने टक्क्यांचे पत्रे छपरावर मनातल्या मनात ठोकलेही होते.

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्याने ठरवलं, की नाटक नाही करायचं. पूर्ण मूठ वळून दाखवायची. घरी काय सांगायचं ते वाटेत सुचेल.

डॉक्टर मध्यम वयाचे, कंटाळलेले होते. "वळा मूठ."

त्याने वळली. बोटं अर्ध्यावर आली आणि थांबली.

सवय लागली, त्याला वाटलं. "थांबा हं, पुन्हा करतो." त्याने दात आवळले, मान ताठली, कपाळावर घाम आला. बोटं अर्ध्यावरच. कळ खरीच आली, आणि तोंड आपोआप शिकवल्यासारखं झालं.

"सोडा. मी बघतो." डॉक्टरांनी एकेक बोट धरून हळूच दाबलं. ते त्यांच्यानेही पुढे गेलं नाही. "सांधे धरलेत. व्यायाम करत होता?"

"नाही."

"का?"

"माप व्हायचं होतं."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. हे उत्तर त्यांना नवं नसावं.

"आता केला तर?"

"करा. थोडा फरक पडेल. पूर्ण वळेल असं वाटत नाही. आधी केला असता तर, तेही छातीठोक सांगता येणार नाही." ते लिहू लागले. "मशीनवर मात्र नको आता."

टक्के मेहुण्याच्या अंदाजापेक्षा जास्त आले. त्याने उंबऱ्यातच दाजींना मिठी मारली. "काय काम केलंत! डॉक्टरला पत्ता लागला नाही ना?"

"नाही," कटिंगवाला म्हणाला.

"घामसुद्धा आणलात की नाही?"

"हो, आला."

मेहुणा ती बातमी घेऊन शेजारी गेला. बायको मोरीत चादरी धूत होती. तिने एक ओलं टोक नवऱ्यापुढे केलं. "झालं ना एकदाचं सोंग? धरा, पिळू."

त्याने दोन्ही हातांनी धरलं. तिने पीळ घातला. टोक उजव्या हातातून सुटलं, मग डाव्यातून, आणि चादर फरशीवर पडली.

"अहो, माप झालं," ती म्हणाली. "आता कशाला?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग हाताकडे. चादर उचलून तिने पुन्हा पाण्यात घातली, खळबळून काढली, आणि शेजारच्या घराकडे तोंड करून भावाला हाक मारली.

"इकडे ये. दुसरं टोक धर."

"मी?" मेहुणा दारात आला. "दाजी आहेत की."

"धर म्हटलं ना."

त्याने धरलं. पाणी त्याच्या पायांवर पडायला लागलं.

"अजून किती चादरी आहेत, ताई?"

"पुष्कळ," ती म्हणाली, आणि पिळत राहिली.