मी ड्रॅगन धुतला तो शनिवार

सन १७२१. त्या वर्षी आमच्या बंदरात लुबर्टकाका वारले आणि खलाशांकडून आयुष्यभर जमवलेलं घरभर सामान त्यांनी गावाला देऊन टाकलं. शिंपले, सुसरी, बाटल्यांतले बेडूक, एक वाळवलेला ड्रॅगन, सगळं. अट एकच: घर सर्वांना फुकट उघडं ठेवायचं. आता अशा घराला म्युझियम म्हणतात. त्या सामानाची चौदा वर्षं धूळ पुसणाऱ्या बिनलग्नाच्या पुतणीसाठी, म्हणजे माझ्यासाठी, मृत्युपत्रात एक ओळही नव्हती. थोर माणसांना बारीकसारीक गोष्टी आठवत नाहीत.

रखवालदाराला माडीवरची खोली मिळायची होती. ती माझीच. मला दुसरीकडे जायला जागा नव्हती. पण नगरसभेत वजन असलेल्या विद्वान डॉक्टर ऑनेमांनी त्या जागेसाठी आपला भाचा टिडेमन पुढे केला. त्याला लॅटिन येत होतं. दुसरं काही येत नव्हतं.

"डॉक्टरसाहेब, मला प्रत्येक वस्तूची जागा ठाऊक आहे," मी म्हटलं.

"जागा मांजरालाही ठाऊक असते, हिले. आता हे विद्येचं मंदिर होणार. सोमवारी दार उघडेल, त्याआधी खोली रिकामी कर."

मधे शनिवार होता. शनिवारी आमच्याकडे घर घासतात. उंबरा, खिडक्या, दारापुढचा रस्तासुद्धा. पाहुणा राजा असला तरी जोडे काढून बाहेर उभा राहतो. मागे घाण ठेवून गेली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी सगळं घासलं. राहिला ड्रॅगन. काकांनी त्याला कधी हात लावू दिला नव्हता आणि डॉक्टरांनी त्याच्यावर साठ पानांचा ग्रंथ लिहून नाव कमावलं होतं. मी कोमट पाणी आणि साबण घेतला. आधी पंख सुटले, मग शेपूट. उरला एक वाळका पाकट मासा, आमच्या बाजारात मिळतो तसला.

मी आधी रडले. मग डॉक्टरांना बोलावलं.

"काय केलंस हे, भवाने!"

"धुतला."

"ड्रॅगन कुणी धुतं का?"

"खरा असता तर धुता आला असता."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. पाण्यात वटवाघळाचे पंख तरंगत होते.

"कुणाला बोललीस?"

"अजून नाही. सोमवारी टिडेमन सांगतीलच लोकांना. लॅटिनमध्ये."

"तुला... जोडता येईल?"

"येईल की. पण मला खोली रिकामी करायचीय."

तासाभरात डॉक्टरांनी नगरसभेला पटवलं, की अशा नाजूक वस्तूंना बाईमाणसाचाच हात हवा. मी माशाचा सरस उकळायला ठेवला.

सोमवारी कोळणी लाकडी खडावा दारात काढून आत आल्या आणि हरखून एकेक वस्तू हातात घेऊन बघू लागल्या. तेव्हा तशीच रीत होती. तेवढं निर्मळ आश्चर्य मी पुढे कधी पाहिलं नाही. ड्रॅगन मात्र मी उंच टांगला होता.

डॉक्टरांनी ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढली. तीत ड्रॅगनच्या पंखांच्या मुळाशी असलेल्या नैसर्गिक शिवणीवर नवं प्रकरण होतं. ते मोठ्या मानानं गेले. टिडेमन एका खेड्यात धर्मोपदेशक झाला. तिथले लोक चर्चमध्ये छान झोपतात म्हणे. मी पन्नास वर्षं माझ्याच खोलीत आहे. मधे एक मागणी आली होती, भला सुतार होता, पण त्याला घरात बेडूक नको होते.