ज्याच्या दारात गाडी

माझे यजमान गेले आणि तेराव्याची पंगत उठायच्या आत माझी वाटणी झाली. एक महिना थोरल्या शालिग्रामकडे, जळगाव जामोदला. पुढचा महिना धाकट्या हरिओमकडे, शेगावला. यजमानांची जुनी डिझेल गाडी माझ्या नावावर आहे. माझ्या गुडघ्यांपायी दवाखान्याच्या खेपा होतात, म्हणून माझा भाऊ नारायणराव याने नियम घालून दिला: ज्याच्या दारात गाडी, त्याच्या घरी आई. गाडी नसती तर दोघांनीही मला घेतलं नसतं, हे त्या बैठकीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीही बोललं नाही. मीही गप्प बसले. तेव्हा मला वाटत होतं, काही झालं तरी आपली पोरं आहेत.

पोरं कसली, भाडेकरू. शालिग्राम गाडीत ऑईल घालायचा ते त्याचा महिना निभेल इतकंच. हरिओमच्या अंगणात नवी फरशी. इंजिनाच्या एका नळीतून तिच्यावर थेंब पडायचा, तर या शहाण्याने नळीच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकली आणि वर मला दाखवलं, "पाह्य माय, गळनं बंद केलं." त्यानंतर गाडी चारी बाजूंनी गळायला लागली. मग शालिग्रामने बोल्ट आवळून आवळून इंजिनावरचं झाकण वाकवलं. दोघांनाही यजमानांसारखी गाडी समजते असा दोघांचाही समज.

महिना संपला तसा शालिग्राम मला शेगावला सोडायला निघाला. गाव सुटायच्या आधीच गाडीखाली तेलाची धार लागली. नाक्यावर अकीलचं गॅरेज आहे, तिथवर लोकांनी ढकलली. अकील गाडीखाली शिरला आणि कपाळाला हात लावूनच बाहेर आला.

"सारे ऑईल सील अन् पॅकिंग बदलवा लागतीन," तो म्हणाला. "इंजिन खाली उतरवा लागते. दोनेक हप्ते धरा."

शालिग्रामने तिथूनच हरिओमला फोन लावला. त्याच्या फोनचा आवाज असा मोठा की रस्त्याला ऐकू जावं.

"गाडी माह्या दारातून निघाली. माही पाळी संपली. माय तुह्याकडे."

"पण माह्या दारात कुठी आली? गाडी आली का मायले घेऊन ये. नियम हाय."

"मंग तवरक बुढी कुठी राहीन?"

"ते तू पाह्य. गाडी तुह्या हातात बंद पडली."

मी तिथेच बाकावर बसले होते. आवाज खाली करावा इतकंही त्यांना सुचलं नाही. शालिग्राम म्हणाला, "चहा सांगून येतो," आणि गेला तो गेलाच. ऊन उतरलं तरी मी रस्त्याकडे बघत होते. मला रडू आलं नाही, राग आला. 

शेवटी गॅरेजमागच्या घरातून अकीलची आई अजीजुन्निसा बाहेर आली. तिचा पापडांचा धंदा आहे आणि तोंड तिखट आहे. "मागची खोली रिकामी हाय," ती म्हणाली. "भाडं नको, पापड लाटा. गुडघे गेले तं गेले, हात तं हायेत ना?"

पहिल्याच दिवशी आमचं हिंगावरून वाजलं. दुसऱ्या दिवशी पिठाच्या घट्ट-सैलपणावरून. दोन्ही सुनांच्या घरी मी वर्षभर जीभ आवरून होते, ती सगळी भांडणं मी अजीजुन्निसाशी भांडले. तीही एक शब्द खाली पडू देत नव्हती. रात्री मला इतकी गाढ झोप लागायची की माझी मलाच लाज वाटायची.

अकीलने इंजिन उतरवलं आणि ती खुंटी माझ्यापुढे धरली. "काकू, सील खराब नोहते. इंजिनाच्या पोटातला दाब निघाची वाट कोणं तरी बुजवली. त्यानं सारे सील बाहेर ढकलले."

"माह्या लेकानं," मी सांगितलं. "फरशी मळू नाही म्हनून."

नवे सील बसले. खालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग बसलं, इंजिन परत गाडीत चढलं. इंजिन वरून बंद करणारं हेड तेवढं बसवायचं राहिलं, तेव्हा दोघं भाऊ उगवले. शालिग्रामच्या साळ्याचं लग्न होतं, हरिओमला सासरची माणसं फिरवायची होती.

"माय, चाल घरी," शालिग्राम म्हणाला. "परक्याच्या घरी राह्यते, लोकं काय म्हनतीन?"

"कोणाच्या घरी?" मी विचारलं.



"असं कर," हरिओम भावाला म्हणाला, "मायले तू ठेव. गाडी मी नेतो."

"वा रे वा. मायले तू ने, गाडी मले पाह्यजे."

मग जुंपली. दवाखान्याच्या खेपा निघाल्या, माझं पथ्याचं जेवण निघालं, कोणाच्या बायकोने जास्त सोसलं ते निघालं. ज्यांना मी न्हाऊमाखू घातलं, ते दोघं अकीलच्या गॅरेजात मला एकमेकांच्या अंगावर ढकलत होते. शरम वाटली. ती माझी नव्हती, तरी मलाच वाटली.

अकील हातात हेडचं पॅकिंग घेऊन ताटकळत उभा होता.

"अकील, ठेव ते खाली," मी म्हणाले. "इंजिन जोडू नको."

"काकू, घंटाभराचं काम राह्यलं."

"गाडी कोणाच्या नावावर हाय?"

"तुमच्या."

"मंग राहू दे उघडी. ताडपत्री टाक अन् मागं ढकलून दे."

 मग हरिओम पुढे आला. "डोकं फिरलं काय माय तुहं?"

"काऊन? नियमच पाळून राह्यली. गाडी कोणाच्या दारात नाही. मी कोणाच्या घरी नाही."

"असं किती दिवस?" शालिग्रामने विचारलं.

"मी हाय तोवर. मंग या दोघंबी, अन् मले कोणाच्या दारातून उचलाचं त्याच्यावर भांडा."