नाडा माझ्याच बाजूला

मी एक जुना बैल आहे, मित्रांनो. नाव लाख्या. शिंदखेड्याजवळच्या जीवराम आबांचा. सरकार तेव्हा इंग्रजांचं होतं, पण शिवारात राज्य माझं. माझ्या खांद्याची गावभर वाहवा व्हायची.

अन् जोडीला कोण? काटकुळा भुऱ्या! तरी लाड त्याचेच. नांगराची दांडी जूला नाड्यानं बांधतात ना, तो नाडा आबा मधोमध बांधत नसत. माझ्याकडे सरकवून बांधत. म्हणजे ओढीचा मोठा वाटा माझ्याच मानेवर. भुऱ्या मात्र जावयासारखा चालायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा आबा तापानं पडले. नांगरट अर्धी राहिलेली. आबांच्या घरधनीण भिकुबाईंनी सालदार गडी हिलालला शेतात धाडलं, पण जू आपल्या हातानं बांधलं. बाई न्यायी. दोन्ही बैल आपलेच, मग दुजाभाव का? त्यांनी सुतळीनं जू मापून नाडा अगदी मध्यावर बांधला. मी म्हटलं, आता कळेल बेट्याला!

कळलं. माझी बाजू पुढे, त्याची मागे, जू तिरकं. बांधापाशी भुऱ्या गुडघ्यांवर कोसळला. नांगर तिथेच थांबला.

आबा काठी टेकत आले. बाईंवर रागावले नाहीत. नाडा पुन्हा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "सारखं वझं टाकं तं दुबळा पडी. ज्यानी त्यानी ताकद पाहीसन नाडा बांधना पडस, तवय जू बराबर ऱ्हास."

म्हणजे ज्याची जेवढी ताकद, तेवढाच त्याचा वाटा. भुऱ्या उठला, जू सरळ झालं. मी मात्र आठवडाभर त्याच्याकडे पाहिलं नाही.

वर्षं गेली. भुऱ्या गेला, माझेही गुडघे गेले. जोडीला तरणा मोऱ्या आला. शेजारचे नथ्थूभाऊ म्हणाले, म्हातारा विकून टाका. आबांनी वाकून नाडा सोडला आणि मोऱ्याच्या बाजूला सरकवून बांधला.

मोऱ्यानं डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या चांगली ओळखीची होती.

मित्रांनो, शाळेत गणित करताना तुम्ही बरोबरीच्या दोन आडव्या रेघा काढता. त्यांच्या दोन्हीकडे सारखंच दिसायला हवं असं नाही, भरायला सारखं हवं. घरातल्या लहानग्याला, थकलेल्याला कामाचा वाटा देताना नाडा मधोमध आहे का ते पाहू नका. जू सरळ चालतंय का, ते पाहा.

मोऱ्याला हे पटत नाही. अजून जळतो माझ्यावर. जळू दे. त्याच्या म्हातारपणीही नाडा सरकवणारा हात त्याला मिळो, एवढंच मागतो.