कै. दिसलं की मयत

मी एक रेग्युलर एक्स्प्रेशन. मजकुरातून ठरावीक नमुन्याचे शब्द शोधून काढणारी चिन्हांची लांबलचक, कुरूप ओळ. वेल्ह्यात कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या कुमारनं मला लिहिलं आणि त्या दिवसापासून मला त्याचा तिटकारा आहे.

माझं काम सोपं. दर महिन्याला दुकानात येणाऱ्या रेशनच्या धान्याच्या यादीतल्या प्रत्येक ओळीवरून फिरायचं, जुळलेला तुकडा उचलायचा आणि त्या त्या नावाच्या कप्प्यात टाकायचा. कप्पे चार: नाव, पती, गाव, मयत. चौथ्यात काही पडलं की माणूस यादीतून बाद. ओळीत कुठंही 'कै.' दिसलं की चौथ्यात टाक, असा कुमारचा हुकूम. ते कुणाच्या नावाआधी आहे, हे बघायची अक्कल त्यानं मला दिली नाही. स्वतःकडे असती तर दिली असती.

आमच्या डोंगरातल्या विधवा नाव सांगताना नवऱ्याच्या नावाआधी कै. लावायला विसरत नाहीत. 'ठकुबाई कै. गोरख, पासली' ही ओळ मी तीनदा उचलली, तीनदा ठकुबाईंना मारलं. तीन महिने त्यांना दाणा मिळाला नाही. शेवटी हयातीचा दाखला घेऊन त्या दुकानात आल्या.

"मी हितं हुबी हाय की," त्या म्हणाल्या.

"यादीत मेलाय तुमी," कुमारनं मोबाईलवरची नजरसुद्धा उचलली नाही.

दुकानात कामाला असलेली सुलक्षणा म्हणाली, "दादा, चूक आपल्या एक्स्प्रेशनची हाय. नवऱ्याआधीचं कै. पतीच्या कप्प्यात धरायला पायजे."

"तू मला शिकवू नगं." मग तो ठकुबाईंकडे वळला. "आजी, मालकांच्या नावाम्होरलं कै. काढतो. धान्य सुरू हुईल."

"म्हंजी त्यास्नी जित्तं लिव्हणार?"

"लिव्हायला काय जातंय?"

"त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी म्या घातलंय," ठकुबाई म्हणाल्या. "असलं लिव्हून आणलेला घास मला गिळायचा न्हाई."

दाखला पदरात बांधून त्या निघून गेल्या. कुमार हसला. मला हात असते तर त्याच दिवशी त्याचं थोबाड फोडलं असतं.

उद्या दुपारी यादी पुन्हा माझ्यापुढं येईल आणि मी पुन्हा तेच करीन. मला दुसरं काही येत नाही. सुलक्षणा, तो जेवायला गेला की मला उघड. दुरुस्त कर, नाहीतर सरळ पुसून टाक. दोन मिनिटांचं काम आहे. ठकुबाई पुन्हा सांगायला येणार नाहीत.