डॉक्टरच्या तोंडावरचा गुलाल

येरमाळ्यात माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, आणि धाराशिवच्या एका साप्ताहिकात मी दर आठवड्याला लिहितो. लिहितो म्हणजे भांडतो. सरकारनं कामं कमी अंगावर घ्यावीत, पण घेतली ती धड करावीत, एवढंच माझं म्हणणं. रस्ते करा, चोर धरा, कायद्याचा धाक ठेवा, फुकट वाटायचा नाद सोडा. ह्या विधानसभेला तर दोन्हीकडून वाटायची चढाओढ लागली होती. आमची बाजूसुद्धा त्यात मागं नव्हती, आणि मी तेही छापलं. आमच्याच पक्षाची पोरं आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

दिल्लीच्या पाच लाखाच्या दवाखाना-कार्डावरचा लेख लई गाजला. कार्ड घरोघर पोचलं, डॉक्टर कुठं पोचला, असा माझा सवाल होता. आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा आहे हा, असं सरळ लिहिलं. आमच्या पंचक्रोशीत कधीही दार वाजवलं तर उघडणारा डॉक्टर एकच, शांतलिंग. हायवेच्या कडेला बारा खाटांचा दवाखाना. त्याला सुखानं काम करू द्या, त्याच्यामागं कागदं लावू नका, बाकी माणसं तो वाचवील. माझं म्हणणं आजही तेच आहे, एक शब्द मागं घेणार न्हाय.

डॉक्टरनी तो लेख कापून औषधाच्या खिडकीवर चिकटवला होता. मला म्हणाले, "आण्णा, लेख झकास हाय. पण लेखापरीस अजून एखादी नर्स मिळवून दिली असती तर बरं झालं असतं."

निकालाच्या दिवशी आमचा माणूस पडला. दुपारी दोनला मिरवणूक निघाली. आमच्याकडं रीतच आहे, जिंकलेले हरलेल्यांच्या दारात येऊन थांबतात आणि उंबऱ्यावर गुलाल टाकतात. तो निमूट घ्यायचा असतो. माझ्या बापानं तीनदा घेतला, तिन्ही वेळा हसून पाणी मारलं आणि जेवायला बसला. मला तेवढा दम कुठला. त्या पोरांनी अर्धं पोतं आत दुकानात रिकामं केलं, हरभऱ्याच्या बियाण्याच्या पिशव्यांवर, आणि एकजण म्हणाला, "आण्णा, आता ह्यावर लिवा काय लिवायचं ते."

मी त्याच्या कानाखाली वाजवली.

पुढं काय झालं ते सांगायला लागतंय तेवढा वेळही लागला न्हाय. दगड आले. झेंड्याचे बांबू आले. कुणीतरी लोखंडी पाइप उचलला तो माझ्यासाठी, पण मधे शंभू आला. शंभू माझा भाचा. माझी बहीण विठाबाई जळकोटला असते. नवरा गेल्यावर तिनं हा एकुलता एक लेक बारा वर्षांचा असताना माझ्या हवाली केला. आज चोवीसचा होता आणि दुकान माझ्यापेक्षा बरं चालवायचा. पाइप त्याला कानाच्या वर बसला. तो खाली बसला, "मामा, कायबी झालं न्हाय," म्हणाला, आणि मग ओकला.

आमच्या पाचसात पोरांनी त्याला पिकअपमधे घातला. माझ्या मांडीवर त्याचं डोकं, माझं धोतर रक्तानं भिजलेलं. दवाखान्यापुढून मिरवणूक नुकतीच गेली होती, रस्ता सगळा गुलाबी. आम्ही आत शिरलो आणि डॉक्टर पुढं आले. त्यांचं तोंड, केस, पांढरा कोट, सगळं गुलालानं माखलेलं.

माझं डोकं फिरलं. ज्याच्यासाठी मी अख्ख्या जिल्ह्याशी भांडलो तो त्यांच्यात नाचून आला, एवढंच मला दिसलं. "तूबी त्यांचाच व्हय रे," म्हणालो आणि सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून घातला. डॉक्टरनी डोकं वाचवायला उजवा हात वर केला. पहिला फटका मनगटावर बसला, दुसरा बोटांवर. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. मी हात टाकल्यावर पोरांना काय, रान मोकळंच. काचा फुटल्या, औषधाचं कपाट आडवं झालं, खाटांवरच्या बाया ओरडायला लागल्या. श्रीनाथ म्हणून आमचा एक तरणा कार्यकर्ता आहे, त्यानं पडलेल्या डॉक्टरच्या बरगडीत लाथा घातल्या. मी त्याला आवरलं न्हाय.

लीला नर्स मधे आडवी पडली तेव्हा हात थांबले. "आत बाळंतीण हाय," ती रडत म्हणाली. "डीजे बंद करा म्हणून हात जोडायला गेले होते ते. तर पोतं उलटं केलं त्यांच्या डोक्यावर. धुवायला सवड झाली असती तर..."

शंभू घोरायला लागला होता, आणि ते घोरणं झोपेचं नव्हतं.

डॉक्टर भिंतीला धरून उठले. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. शंभूच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि म्हणाले, "आत रक्तस्राव होतोय. घशात नळी घातली तर पुढं जाईपर्यंत तग धरंल." हे काम त्यांचं रोजचं. उजवा हात लोंबकळत होता, म्हणून डाव्या हातानं केलं. एकदा, दोनदा, तीनदा. नळी जाईना. लीलानं ती कधी घातली नव्हती. शेवटी त्यांनी शंभूच्या तोंडावर मास्क बसवला, त्याला जोडलेला रबरी फुगा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मी म्हणीन तवा दाबायचा. जास्त न्हाय, कमी न्हाय."

अँब्युलन्स मिरवणुकीच्या मागं अडकलेली. आम्ही पिकअपमधूनच धाराशिवकडं निघालो. मोडका हात पोटाशी धरून डॉक्टर शेजारी बसले होते. "दाबा," म्हणायचे, मी दाबायचो. दर खड्ड्याला त्यांच्या तोंडातून कळ निघायची, पण "दाबा" चुकलं न्हाय. येडशीच्या अलीकडं त्यांनी डाव्या हातानं शंभूची नाडी बघितली आणि "दाबा" म्हणायचे थांबले. मी दाबतच राहिलो. धाराशिव येईपर्यंत कुणी मला थांबवलं न्हाय.

धाराशिवच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात हवालदार आला. डॉक्टरचा हात गळ्यात बांधला होता. कुणी मारलं, त्यानं विचारलं. डॉक्टर भिंतीकडं बघत म्हणाले, "गर्दी होती. दिसलं न्हाय." हवालदार माझ्याकडं वळला. आठवड्याला हजार शब्द लिहिणारा माणूस मी, माझ्या तोंडून एक फुटला न्हाय. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं, हे खरं सांगतो.

दिवेलागणीला विठाबाई आली. पोरांनी तिला वाटेतच फोन करून सांगितलं होतं, डॉक्टरनं हयगय केली, गुलाल खेळत बसला. तिनं लेकाचं तोंड बघितलं, आणि तशीच डॉक्टरपुढं जाऊन उभी राहिली. "माझ्या लेकराला हात का लावला न्हाय तुमी?"

डॉक्टर आपल्या बांधलेल्या हाताकडं बघत राहिले. माझ्याकडं एकदाही बघितलं न्हाय. बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. श्रीनाथचा होता. त्याचा आवाज मला बाजूला ऐकू येत होता. "मावशी, पन्नास जण हाव आमी इथं येरमाळ्यात, डॉक्टरच्या दवाखान्यापुढं. डिझेल आणलंय. एक वीट ठेवत न्हाय."

आत लीला होती. ती बाळंतीण होती, तिचं मूल होतं.

"विठा," मी म्हणालो, "डॉक्टरचा हात म्या मोडला. नळी घालता आली असती. म्या मोडला म्हणून आली न्हाय."

ती ओरडली न्हाय. मग पुढं येऊन फोन माझ्या तोंडाला लावला. "मला सांगितलं ते त्यांना सांगा, आण्णा."

मी सांगितलं. सगळं, शब्दन् शब्द. शंभू माझ्या हातानं मेला, हेही. पलीकडं पोरांची कुजबुज सुरू झाली.

मग श्रीनाथनं विचारलं, "आण्णा, आमी एवढे जमलोय. मग आता कुणाच्या दारात जायचं?"

"माझ्या," मी म्हणालो.